गाडी गॅरेजमध्येच होती

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या कॉलनीच्या तोंडाशी कॅमेरा बसवला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. दारातली पार्सलं चोरीला जायची, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढणारं ते यंत्र. चारुदत्त कमिटीचा सेक्रेटरी, त्यामुळे फोटो त्याच्या फोनवर यायचे. जेवतानासुद्धा दाखवायचा. "अरे, आधी गिळ ती पोळी," मी म्हणायची.

मी भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दसरा झाला आणि कादंबरी आली. माझ्या बहिणीची मुलगी, टेक्सासमध्ये असते. पाचवा महिना. पोटातल्या बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. जन्मलं असतं तरी घटकाभराचा सोबती. तिथं गर्भपाताला कायद्यानं बंदी, डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. आमच्या इलिनॉयमध्ये तेवढी सोय आहे. तिचा नवरा प्रसन्न लेकीला, छोट्या इलाला, घेऊन घरीच थांबला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना शंका नको म्हणून. विमानाच्या तिकिटावर नाव येतं, तेव्हा पोरगी एकटी गाडी हाकत आली. निळी गाडी. बॉनेटवर दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक, त्याचा एक हात पुसलेला.

"मावशी, कोणाला कळणार नाही ना गं?"

"कळायला आहे कोण इथं? मी आणि हा बावळट."

तिची गाडी गॅरेजमध्ये घातली, शटर पाडलं. क्लिनिकला माझ्या गाडीतून नेलं. सगळं नीट पार पडलं. परतताना ती रडत होती आणि मी गाडी चालवत होते.

दुपारी वरणभात वाढत होते, तेवढ्यात चारूचा फोन वाजला. फोटोत निळी गाडी, क्लिनिकच्या दारात उभी.

तो उठून गॅरेजमध्ये गेला. गाडी होती तिथंच होती. बॉनेट गार.

"नंबर वाचताना मशीन चुकलं असेल," तो म्हणाला.

"आणि स्वस्तिकाचा हात? तोही चुकला?"

शिवाय आमचा कॅमेरा कॉलनीच्या तोंडाशी, क्लिनिक कुठल्या कुठे. फोटोखाली एक ओळ होती. टेक्सासमधल्या कुठल्याशा शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ऑफिसनं हा नंबर शोधला होता. कारण, वेलफेअर चेक. म्हणजे खुशाली विचारायची होती त्यांना!

"आपल्या कॅमेऱ्यात ते कसे डोकावतात?"

चारूनं ॲपचं सेटिंग उघडलं. "शेअरिंग ऑन होतं यार. आपल्या पोलिसांना जातं, ते पुढे सगळ्यांना देतात."

"अरे मेल्या!"

त्यानं शेअरिंग बंद केलं, कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, क्लिनिकपाशी आमचा कॅमेराच नाही. मग त्यानं ते ॲपच काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तरीही फोटो आला. आमचं घर, पाडलेलं शटर.

त्यानंतरचा अंधारा होता. नीट बघितल्यावर माझं बर्फ उपसायचं फावडं दिसलं, फळीवरचे पापडाचे डबे दिसले. शटरच्या आतला फोटो. मी स्टुलावर चढून गॅरेजची भिंतन् भिंत चाचपली. काही म्हणजे काही नव्हतं.

चारूनं तिच्या गाडीच्या प्लेटी काढल्या आणि पत्रा कापायच्या कात्रीनं तुकडे केले.

"मी बसनं जाते, काका," कादंबरी म्हणाली. "इला झोपत नाही माझ्याशिवाय."

शिकागोहून बस होती. तिकीट रोख पैसे देऊन काढलं. तिच्या अंगावर माझी शाल घातली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. बाळंतिणीला देतात तो खाऊ. बाळ नव्हतं, पण अंग बाळंतिणीचंच होतं ना. डबा घेताना तिचा बांध फुटला, आणि माझाही.

आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

बसमधली सीट. माझी शाल. मांडीवर डबा, डोळे मिटलेले.

फोटोत गाडी कुठेच नव्हती. खाली नंबर मात्र तोच.

मी तिला फोन लावत राहिले. बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच आला. "मावशी, पोचले गं. इला बिलगून बसलीय नुसती." मी देवाला हात जोडले, मी!

"थांब हं, बेल वाजली."

दार उघडल्याचा आवाज. एक पुरुषी, अगदी सभ्य आवाज. मग ती कुजबुजली.

"पोलीस आहे. खुशाली विचारायला आलोय म्हणतो."

"आत घेऊ नकोस! प्रसन्नला बोलव."

"तो मला नावानं हाक मारत नाहीये, मावशी. गाडीचा नंबर म्हणतोय."

फोन कट झाला. चारूचा वाजला.

त्यानं तो माझ्यापुढे धरला. फोटो तिच्या घराच्या आतून काढलेला. पाठमोरी कादंबरी, तिच्या खांद्यावर माझी शाल, पुढे उघडं दार.

इला तेवढी वळून आमच्याकडे बघत होती.