मागच्या खोलीतली वलणी

बस जरा, अरुंधती. वीज काही इतक्यात येत नाही. कंदील आहे तेवढा पुरे. बाळाच्या लंगोटांना वास मारतो म्हणालीस ना? शेवटचं पाणी कढत घेत जा. पिळलेला कपडा चांगला झटक आणि वलणीवर दोन कपड्यांमध्ये हातभर जागा सोड. एकमेकांवर पडले की कुबट झालेच म्हणून समज. शेगडीची ऊब द्यायची असेल तर दे. पण खिडकी लावू नकोस. बाहेर कितीही पाऊस असो, लावू नकोस.

का, ते सांगते. तुलाच सांगते, कारण तुझंही बाळ तान्हं आहे.

इथे सांगवीत यायच्या आधी आम्ही निगडीच्या गावठाणात राहायचो. प्राधिकरणाचे प्लॉट तेव्हा नुसते आखून ठेवलेले होते. जिकडे बघावं तिकडे गवत आणि गवतात पुरलेले हद्दीचे दगड. आमचे हे चिंचवडला कंपनीत टर्नर होते, शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. घर अंबुबाईंचं. म्हातारी बाई, गावातलीच, एकटी. पुढच्या खोलीत त्या, मधल्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मागे एक खोली कायम कुलपात. आमची मुक्ता तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती.

त्या श्रावणात ऊन असं पडलंच नाही. खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या, वाकून चालावं लागायचं. दुपटी दोन-दोन दिवस ओली. इस्त्री फिरवली की तेवढ्यापुरती कोरडी लागायची, मग पुन्हा गार. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घातला, पण तो वास जाईना. उशीला तोच, भिंतीला तोच, मुक्ताच्या केसांनाही तोच. तिची छाती भरली. रात्रभर घरघर चालायची. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगाला दमट कापड लागता कामा नये."

मी अंबुबाईंकडे मागची खोली मागितली.

"नगं बाई," त्या पटकन म्हणाल्या.

"का हो मावशी? गळते का?"

"गळत न्हाई. कोरडी ठाक हाय."

"मग?"

तेवढ्यात मुक्ताला खोकल्याची उबळ आली. काळीनिळी झाली पोर. अंबुबाई बघत राहिल्या, मग कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "कापडं टाक आन भाईर ये," एवढंच म्हणाल्या.

खोली लहानशी होती. गज असलेली एक खिडकी, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली काथ्याची वलणी. कुणीतरी बांधलेली, घट्ट, अगदी बाईमाणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर. मी कपडे घातले. संध्याकाळी गेले तर कडकडीत वाळलेले! वास नाही, काही नाही. मी दुपटं नाकाशी धरून रडले गं. चार-सहा दिवस असे सुखाचे गेले. मुक्ताची घरघर मात्र थांबली नव्हती.

मग एका दुपारी वादळच सुटलं. हे दुसऱ्या पाळीला गेले होते. आभाळ इतकं उतरलं की दुपारीच घरात दिसेना. मागच्या खोलीत खिडकीतून सपसप पाणी आत येत होतं, वाळत आलेले सगळे कपडे भिजत होते. मी खिडकी ओढून घेतली. शेगडी पेटवून आत नेली, निखाऱ्यांवर ओवा टाकला, वर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरले. मुक्ताला घरात एकटी कशी ठेवणार? तिला मांडीवर घेतलं आणि वारा दार आपटत होता म्हणून आतून कडी लावली.

ऊब छान वाटत होती. ओव्याचा वास, पत्र्यावरचा पाऊस. मुक्ता झोपली. थोड्या वेळाने डोकं जड झालं. उठावं वाटलं, पण पाय उचलेनात. हातातलं बाळ कुठे संपतं आणि दुपट्यांचा ढीग कुठे सुरू होतो, तेही कळेना.

वलणीवर माझी साडी होती, जमिनीपर्यंत आलेली. तिच्याखाली पावलं दिसली. ओली.

मला वाटलं, अंबुबाई आल्या. दाराला कडी आहे हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

"वाळली का…" साडीमागून आवाज आला. हळू, दमलेला. "वाळली आसंल तर दे इकडं… घडी घालते…"

साडीच्या कडेने दोन हात पुढे आले. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात, तशी ती बोटं.

आणि मी दिलं. मांडीवर होतं ते उचलून त्या हातांत दिलं.

तोंडावर गार पाणी आलं तेव्हा मला जाग आली. खिडकी सताड उघडी होती. मांडीवर लंगोट, सगळे कोरडे, नीट घड्या घातलेले. मुक्ता नव्हती.

सरपटत दारापर्यंत गेले. कडी लावलेलीच होती. ती काढून भिंतीला धरत धरत आमच्या खोलीत आले, तर पाळणा हलत होता. आत बाळ शांत झोपलं होतं. छातीची घरघर नाही, काही नाही. संथ श्वास.

माझ्या धडपडण्याचा आवाज ऐकून अंबुबाई धावत आल्या. त्यांना शेगडीचा वास आला.

"आत बसलीवतीस व्हय गं? दार लावून?"

मी मान हलवली. त्या पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मग सांगितलं. तिथे आधी एक भाडेकरू बाई राहायची. नाव कुसुम. नवरा कंपनीत कामाला. असाच पाऊस, अशीच पोराची कापडं वाळवायला तिने शेगडी घेतली, दार-खिडकी लावून बसली. संध्याकाळी नवऱ्याने दार फोडलं.

"निवांत बसल्याली," अंबुबाई म्हणाल्या. "निजल्यावाणी. तू बाळंतीण बाई, तुला कुठल्या तोंडानं सांगू ह्ये?"

"आणि बाळ, मावशी?"

त्यांनी पाळण्याकडे बघितलं.

"त्ये गावलंच न्हाई. दाराला आतनं कडी… खिडकी लावल्याली… मांडीवर निस्ती कापडं. घड्या घातल्याली."

आठवड्याच्या आत आम्ही ते घर सोडलं. मुक्ताला पुन्हा कधी खोकला झाला नाही. बघतेस ना आता, शाळेत पळण्यात पहिली असते.

फक्त एक गोष्ट आहे. ती मी फक्त ह्यांच्याजवळ बोलले आहे. त्या संध्याकाळी तिला न्हाऊ घालून, पुसून, तिच्या कानामागे बोट फिरवत होते. बारशाला आमच्या मुक्ताचे कान टोचले होते, सोन्याच्या तारेच्या बारीक बाळ्या घातल्या होत्या. त्या बाळ्या नव्हत्या. पडल्या असतील म्हणून कंदील जवळ घेतला.

पाळ्यांना भोकंच नव्हती. साधा वणसुद्धा नाही. जन्मल्या दिवशी असावी तशी कोवळी, सलग कातडी.

हे म्हणाले, लहान मुलांची भोकं बुजतात. पुन्हा टोचून घेऊ.

टोचले. सोनाराने सुई घातली तेव्हा ती रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघून हसत होती.