प्रवाळाच्या पाण्यात तुरटी

मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर एक अनोळखी तरुण बाही कोपरापर्यंत सारून माझ्या काचेच्या टाकीत हात घालून उभा होता!

"अहो— काय करून राहिलात?"

तो दचकला. कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहरा अगदी साळसूद, आणि ओल्या मुठीत... आमच्या माठाजवळची तुरटी.

"पाणी लई गढूळ दिसलं. म्हणून जरा फिरवली. आता बसंल बघा गाळ."

मी कपबशी तिथंच टेकवून टाकीकडे धावले.

हा वीरेश. आमच्याच उदगीरच्या डाळमिलवाल्यांचा मुलगा. अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, धान्याची आडत; तिथल्या तुरीचा नमुना बघायला तो घरी आला होता आणि अप्पा पूजेत असल्यामुळे बाहेर ताटकळत बसला होता. त्याला तरी काय बोलणार? आमच्याकडचा माणूस टँकरचं पाणी पिऊनच मोठा होतो. गढूळ पाणी दिसलं की हात आपोआप तुरटीकडे जातो. पण माझं पाणी गढूळ नव्हतंच हो! प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून मी चुन्याची निवळी घातली होती. घाईत तळाचा चुनाही ओतला गेला, त्याचा तो पांढरा ढग. थोड्या वेळात आपला आपण निवळला असता.

"ही समुद्राच्या पाण्याची टाकी आहे," मी जवळजवळ ओरडलेच. "ते मऊ प्रवाळ जिवंत आहेत! तुरटी पाणी आम्लाकडे ढकलते, त्यातली क्षारता खाऊन टाकते..."

"जिवंत हायत?" त्याचा चेहरा पार उतरला. "मला वाटलं, शोभेचे हायत."

संध्याकाळपर्यंत माझे सगळे प्रवाळ मुठी आवळल्यासारखे मिटून गेले. तपासलं, तर क्षारता धाडकन खाली आलेली. मला रडूच कोसळलं. अप्पांनी मला एक वर्ष दिलं होतं. "सुकन्या, या खाऱ्या पाण्यातून काही उभं करून दाखव, न्हाई तर टाकी विकायची आन् मुकाट्यानं माझ्यासंगं आडतीवर बसायचं." वर्ष संपत आलं होतं. येत्या रविवारी नांदेडहून डॉक्टर उज्वलाताई येणार होत्या; त्यांच्या दातांच्या दवाखान्यासाठी अशीच टाकी त्यांना हवी होती. माझं पहिलं गिऱ्हाईक! आणि दाखवायला काय, तर मिटलेले प्रवाळ.

सकाळी दार उघडलं, तर दारात वीरेश. दोन्ही हातांत शुद्ध पाण्याचे कॅन.

"हाकललं तर जातो. पण आधी काम सांगा."

हाकलणार होते, खरंच. पण कॅन जड होते आणि... डोळे लई प्रामाणिक होते.

मग तो रोज यायला लागला. आम्ही मीठ कालवलेलं नवं पाणी थोडं थोडं बदललं, तुरटीचा अंश शोषायला कोळशाची पिशवी सोडली. खायच्या सोड्याचं पाणी बारीक नळीतून ठिबकायला लावलं.

"समदा सोडा एकदम ओतू का? लवकर चढंल क्षारता."

"अजिबात नाही! एकदम चढली तर उरलेसुरलेही जातील. हळूहळूच चढवायची."

"लई धीर धरावा लागतो की ओ तुमच्या मंडळींसाठी."

"माझ्या मंडळींसाठी?"

"म्हणजे... प्रवाळांसाठी," म्हणत तो नळीकडे बघायला लागला. कान मात्र लालबुंद.

मला हसू आवरेना. मग मी मनातलं बोलूनच टाकलं. "थँक्यू, वीरेश."

"चूक केली म्हणून? आमच्याकडं शिव्या देतात."

"चूक सांगितलीत म्हणून. तुरटी मुठीतच लपवून 'नुसतं पाणी बघत होतो' म्हणाला असतात, तर मला काहीच कळलं नसतं. मी भलतेच उपाय करत बसले असते."

तो नुसता बघत राहिला... आणि मी मोजत असलेल्या थेंबांचा हिशेब चुकला.

रविवारी उज्वलाताई आल्या तेव्हा प्रवाळ अर्धेच उमलले होते.

"हे असे मलूल का गं?"

'झोपलेत' म्हणून थाप मारता आली असती. माझ्या ओठांवर आलीही होती. पण वीरेश पुढे झाला. "चूक माझी हाय, ताई. यांची न्हाई."

मग मीही सगळं सांगितलं. काय बिघडलं, किती उतरलं, कसं वर आणतोय, अजून किती दिवस लागतील. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

उज्वलाताईंनी काचेजवळ वाकून प्रवाळ निरखले. "माझ्या दवाखान्यात कुणी बिस्कीट टाकेल, कुणी हात घालेल. बिघडणारच. बिघडल्यावर खरं सांगणारी आणि निस्तरणारी बाई मला पाहिजे होती. लाग कामाला."

त्या गेल्या. अप्पा एवढंच म्हणाले, "आडतीवर दुसरा माणूस बघावा लागंल आता," आणि आत गेले. 

वीरेश मात्र पायरीवर घुटमळत होता. "बरं झालं... आता पाण्याचं काम सरलं. उद्यापासनं यायला कारण न्हाई."

 सगळं मिळालं होतं आणि हाच चालला होता!

"कारण कशाला हवं?"

"अप्पांनी विचारलं, कशाला आलास, तर?"

मी त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं. "तर सांग... सुकन्यासाठी आलो."

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी आला. अप्पा समोरच पेपर वाचत होते.

"काय रे, आज कशाला?"

वीरेशनं रिकामे हात जोडले. "सुकन्यासाठी आलो, अप्पा."

मी दाराआडून ऐकत होते. अप्पांनी सावकाश पेपराची घडी घातली.

"मग एकटाच का आलास? आई-वडलांना घेऊन ये की!"