पुसलेली विहीर

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. गेल्या चैत्रात, बारामतीत. तेही रात्री नाही, भर दुपारी.

आमच्या कळस गावच्या दत्तोबांची लेक श्रेया कामासाठी बारामतीत मामाकडं, मोहनरावांच्या बंगल्यात राहायची. मामा एकटेच. सरकारनं सगळ्यांसाठी खुली केलेली माहिती घेऊन ती शहरातल्या विहिरींचा नकाशा बनवत होती. मोबाइलवर ठिपक्याला बोट लावलं की विहीर कुठली, पाणी किती खाली, सगळं समोर.

एक ठिपका मामांच्याच जुन्या रानात निघाला. तिथं आता प्लॉट पाडलेले.

"तेवढी खूण काढ," मामा म्हणाले.

"मामा, सरकारी माहितीत हाय ती."

"आसू दे. बुजवल्या विहिरीवर कोण घर बांधंल? माझंच खातीस आन् माझ्याच पोटावर पाय देतीस व्हय?"

श्रेयानं ठिपका पुसला.

दुसऱ्या दिवशी तो परत होता. पण रानात नाही...

रस्त्यावर.

तिनं पुन्हा पुसला. तो बंगल्याच्या फाटकाशी उमटला. बोट लावून पाहिलं. पाणी वर आलं होतं.

त्याच दुपारी माडीवर तिला आवाज आला.

कर्र... कर्र...

रहाटाचा. बंगल्यात तर सगळे नळ.

तिनं आईला फोन लावला. मुक्ताबाईंना रानातल्या विहिरीचं विचारलं.

"दादानं सांगितलं, सरूवैनी माहेरी गेली, आता यायची न्हाय. लगीच विहीर बुजवली. बुजवताना मदी नळी उभी करत्यात, विहिरीला श्वास घ्यायला. दादानं ती बी ठिवू दिली न्हाय."

"मग मामी?"

"माहेरी पोचलीच न्हवती, बाळा. आमाला समद्यांना ठावं हुतं. कोण बोललं न्हाय."

श्रेयानं घाईघाईनं ठिपका मूळ जागी, रानात नेऊन ठेवला.

तो राहिला नाही.

तिच्या डोळ्यांदेखत सरकत आला. फाटकातून आत. ओट्यावर. घरात.

पाण्याची खोली... शून्य.

आणि रहाट थांबला.

ती धावत खाली आली. मामा बैठकीच्या खोलीत पडलेले. फरशी कोरडी ठक्क. मामा मात्र नखशिखांत भिजलेले. तोंडात काळा गाळ. मुठीत हिरव्या बांगड्यांच्या काचा.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. गाळाचं कुणी विचारलं नाही. ह्याही खेपेला सगळे गप्प बसले.

श्रेया आता कळसला आहे. ते काम सोडलं. पण नकाशा उघडून बघितल्याशिवाय तिला घास जात नाही.

नकाशा शहरापुरताच. हद्दीपलीकडं नुसती कोरी जागा, ना रस्ता, ना गाव.

काल त्या कोऱ्या जागेत एक ठिपका होता.

कळसच्या बाजूला.

"तात्या, मामांनी तिला बुजवली," ती दत्तोबांना म्हणाली. "पण पुसली मीच ना?"

दत्तोबांचा कान परसाकडं होता. त्या घराला विहीर नाही, कधीच नव्हती.

तरी...

कर्र.