समुद्राकडची भिंत

तुम्हाला पटो न पटो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सगळे रात्रीच्या गोष्टी सांगतात. अमावस्या, पिंपळ, कुत्र्याचं रडणं. माझ्या गोष्टीत रात्रच नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, डोक्यावर रणरणतं ऊन असताना. म्हणूनच मला आजतागायत दुपारची झोप लागत नाही.

साल एकोणीसशे अडुसष्ट. महिना वैशाखाचा. जागा नवापूर. बोईसरहून समुद्राकडे गेलं की तारापूरच्या अलीकडे-पलीकडे जी मच्छीमारांची गावं लागतात, त्यातलं एक.

आम्ही मूळचे अंबाजोगाईकडचे. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. तिथल्या कॉलनीतल्या क्वार्टर्सना रंग द्यायला माझे यजमान आले होते. त्यांचं नाव भगवंत. तेव्हा मी हे नाव तोंडाने घेत नसे. आता ऐकायला ते नाहीत, म्हणून घेते.

मी सुगंधा. नवीन लग्न झालेली.

राहायला खोली मिळाली ती नवापूरच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली. कुडाच्या भिंती, मातीने लिंपलेल्या. पुढे वाळू आणि वाळूच्या पुढे समुद्र. एवढं पाणी एकाच ठिकाणी बघून मला सुरुवातीला गरगरायचं.

भगवंतांना आपल्या कामाची भारी घमेंड. चुना कोणीही फासतो, रंगारी वेगळा, असं म्हणायचे. जुनं सगळं खरवडून काढल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावायचे नाहीत. कोणाकडे जेवायला गेलो तरी समोरच्या भिंतीचा पोपडा नखाने उचकटून बघायचे.

मी म्हणायची, "अहो, आधी भाकरी तर संपवा."

कॉलनीचं काम मध्ये थोडं थांबलं, तेव्हा गावातला कृष्णकांत आमच्याकडे आला. होडीवाल्यांचं घर त्याचं. विटांचं, गिलावा केलेलं, गावात उठून दिसणारं. त्याचं लग्न ठरलं होतं. त्याला घर बाहेरून कॉलनीसारखं पिवळं करून हवं होतं, सिमेंट पेंटमध्ये.

त्या घरात त्याची वहिनी राहायची. कमळी.

कमळीचा नवरा महादू मागच्या हंगामात समुद्रावर गेला होता. होडी परत आली. बाकीचे परत आले. महादू आला नाही, आणि त्याचं प्रेतही कुठे लागलं नाही.

म्हणून कमळीच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. तो येईल असं ती धरून बसली होती. गावाने तिला समजावणं कधीच सोडून दिलं होतं.

काम सुरू झालं त्या दिवशी मी दुपारचा डबा घेऊन गेले. बघते तर कमळी समुद्राकडच्या भिंतीला पाठ लावून उभी. माझे यजमान खरवडणी हातात घेऊन समोर.

"या भिंतीला हात नको लावू, दादा," ती म्हणत होती. "ही पांढरीच ऱ्हाऊ दे. त्याला दर्यातून आदी हीच दिसते. हिच्यावर नजर ठेवून तो होडी आनतो. पिवळी केली तर तो घर कसा वळखल?"

भगवंत काही दुष्ट नव्हते. त्यांनी तिला नीट सांगितलं. "बाई, सिमेंट पेंट चुन्यावर धरत नाही. जुना चुना काढावाच लागतो. आणि तीन बाजू पिवळ्या, एक पांढरी, असं अर्धवट काम मी आजवर कोणाचं केलेलं नाही."

कृष्णकांत मागेच उभा होता. तो रागावला नाही. नुसता थकलेला दिसत होता.

"वयनी, तो आता यनार नाय. घरात लगीन हाय. बाजूला हो."

ती बाजूला झाली.

मला तेव्हा तिची कीव आली, आणि थोडा रागही आला. माणूस गेलेला उघड दिसत असताना असं काय धरून बसायचं, असं मला वाटलं. वय लहान होतं माझं.

भिंतीवर वर्षानुवर्षांचा चुना होता. थरावर थर. वरचे थर कमळीने दिलेले, त्यांच्या आधीचे तिच्या सासूने. भगवंतांनी तो सगळा काढला. पार गिलावा दिसेपर्यंत. मग भिंत धुतली, भेगा बुजवल्या आणि रंगाचा पहिला हात दिला.

अंगणात एका पिंपात कमळीने त्या वर्षीसाठी चुना भिजवून ठेवला होता. शिंपले भाजून केलेला, घरचा चुना. कृष्णकांत म्हणाला, आता याचा काय उपयोग, घेऊन जा.

भगवंत तो चुना घरी घेऊन आले.

रंगाऱ्याचं घर आणि भिंत मातीची, हे त्यांना पहिल्यापासून खुपत होतं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी आमच्या खोलीची समुद्राकडची भिंत त्या चुन्याने रंगवली. चांगले हातावर हात दिले. उन्हात भिंत अशी झळकायला लागली की बघताना डोळे दिपायचे. मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, खूपच खूश झाले.

त्यानंतरच ते सुरू झालं.

सिमेंट पेंट दिल्यावर भिंतीला पाणी मारावं लागतं, नाहीतर रंग भुकटी होऊन निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी भगवंत बादली घेऊन कमळीच्या घराच्या मागे गेले…

भिंत आधीच ओली होती.

सगळी नाही. खांद्याच्या उंचीवर एक पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कोणीतरी ओला हात फिरवत गेल्यासारखा.

त्यांनी त्या पट्ट्यावर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. नव्या रंगावर खारं पाणी कोणी मारलं म्हणून ते चिडले. घरात कोणीच मारलं नव्हतं.

मग त्यांनी खाली बघितलं.

वाळूत ओली पावलं होती. समुद्राकडून आलेली. भिंतीच्या कडेने गेलेली, परत फिरलेली, पुन्हा गेलेली. दाराशी कुठेच थांबलेली नाहीत. आणि परत समुद्रात गेलेली.

पावलांशेजारी कमळी बसली होती. तिने एका ठशावर बोट ठेवलं. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

"नांगराच्या दोरात तुटली व्हती त्याची," ती म्हणाली. "आला व्हता. घर चाचपून गेला. वळखलं नाय त्यानं."

संध्याकाळी भगवंतांनी मला हे सगळं हसत सांगितलं. पण जेवण मात्र त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी होते. दार उघडं टाकून तांदूळ निवडत बसले होते.

सुरूच्या झाडाखाली कधी शांत नसतं. वारा नसला तरी ती झाडं सूं सूं करत राहतात. पहिले काही दिवस त्या आवाजाने झोप येत नसे, मग सवय झाली.

त्या दुपारी तो आवाज थांबला…

सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळ्यांचा कायम गोंगाट असतो. तोही थांबला.

लाटांचा आवाजसुद्धा येईना.

मग अंगणात…

चप.

चप.

मला वाटलं, हे जेवायला लवकर आले. मी म्हटलं, "अहो?"



दारात कोणीच नव्हतं. पण उंबरा ओला होत होता. वरून थेंब पडत होते आणि वर काहीच नव्हतं. वास आला. मासळीच्या वासाची मला एव्हाना सवय झाली होती, हा तो वास नव्हता. फार दिवस पाण्यात राहिलेल्या दोराचा वास येतो, तसा होता.

आणि दारातून कोणीतरी बोललं. घसा बसलेला. दमलेला.

"कमळे… आलो गं."

शेणाने सारवलेल्या जमिनीवर एकेक पाऊल उमटत आत आलं. चुलीजवळ थांबलं. तिथे जमीन ओली होत गेली. माणूस मांडी घालून बसला की जेवढी जागा लागते, तेवढी.

"वाढ कायतरी. लय भूक लागली."

मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. यजमान आले तेव्हा जमीन वाळली होती. तिच्यावर मिठाचा पांढरा डाग राहिला होता. दाराजवळ एक ठसा होता, डाव्या पायाचा. त्यांनी तो बघितला आणि बोटं मोजली. चारच होती.

कमळीला सांगायला मीच गेले. कुठल्या तोंडाने सांगायचं, ते कळत नव्हतं. तुझा नवरा माझ्या घरी येतो, असं एका बाईने दुसऱ्या बाईला कसं सांगावं? पण सांगितलं.

ती रडली नाही. माझ्याबरोबर किनाऱ्याने चालत आली. लांबूनच तिला आमची भिंत दिसली, आणि ती थांबली.

"माजा चुना," ती म्हणाली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "आता अख्ख्या किनाऱ्याला एकच पांढरी भिंत हाय, बाय. तो बिचारा दुसरा कुटं जाईल?"

मी म्हटलं, "ताई, यांना सांगून उद्याच खरवडून टाकते."

"नको," ती घाईने म्हणाली. "एकदा माजी भेट होऊ दे. मी त्याला घरी नेते."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली. डोक्यात अबोलीचा गजरा, ठसठशीत कुंकू, इस्त्रीची नसली तरी धुतलेली चांगली साडी. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधलेल्या, वाटीत कोलंबीचं कालवण. ती उंबऱ्याजवळ बसली. मला म्हणाली, तू आत बस. भगवंत माझ्याजवळ बसले. त्यांचा हात मी धरून ठेवला होता.

ऊन वर आलं.

सुरूचा आवाज थांबला…

कावळे थांबले…

कमळी उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत होता. एवढा आनंद मी पुढे कोणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही.

चप. चप.

"आलास?" ती म्हणाली. "चल, घरी चल. भिंत कृष्णानं रंगवली, म्हणून चुकलास तू."

उंबरा ओला झाला. तिच्या साडीचा काठ ओला झाला. पावलं तिच्या अगदी जवळून गेली.

थांबली नाहीत.

पावलं आत आली. माझ्यासमोर येऊन थांबली.

"कमळे…"

तो मला हाक मारत होता.

"मी हितं हाय," कमळी मागून म्हणाली. "हितं बग. ती मी नाय. मी हितं हाय."

जमिनीवर पाणी ठिबकत राहिलं. मग तो अगदी हळू आवाजात, घरातलं माणूस विचारतं तसं, मला म्हणाला,

"कमळे, दारात ही कोन बाई उभी हाय गं?"

कमळीने हातातलं फडकं आणि वाटी खाली ठेवली. अंगणात गेली. दगड उचलला आणि आमच्या उंबऱ्यावर हात ठेवून बांगड्या फोडल्या. आधी एका हातातल्या, मग दुसऱ्या. कपाळ पुसलं. मागे वळून न बघता किनाऱ्याने चालत गेली.

त्याच संध्याकाळी भगवंतांनी आमची भिंत खरवडली, पार कुडाच्या काड्या दिसेपर्यंत. मग कृष्णकांतकडे गेले. मी तुमची मागची भिंत पुन्हा पांढरी करून देतो म्हणाले. कृष्णकांत तयार झाला.

कमळीच नको म्हणाली. "पिवळीच ऱ्हाऊ दे. आता काय करायचीय पांढरी?"

महादूचा दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकलं. लग्न पार पडलं. पाऊस पडायच्या आत आम्ही ती खोली सोडली आणि बोईसरला राहायला आलो.

भगवंतांनी पुढे पुष्कळ घरं रंगवली. पण पांढऱ्या रंगाचं काम आलं की दुसऱ्याचं नाव सुचवायचे. काम करताना पूर्वीसारखं बोलतही नसत.

खूप वर्षांनी बोईसरच्या बाजारात मला कमळी भेटली. मासळी घेऊन बसली होती. केस पांढरे झालेले. तिने मला लगेच ओळखलं. बोंबील मोजता मोजता, मान वर न करता तिने विचारलं,

"तुज्याकडं येतो का गं अजून?"

"नाही," मी म्हटलं. "त्यानंतर कधीच नाही."

तिने वर बघितलं. "मंग सुटला बिचारा," म्हणाली, आणि दोन बोंबील जास्त घातले.

मी तिला खोटं सांगितलं.

आमचं घर आता बोईसरला आहे, पक्कं. आधी बाहेरून गुलाबी होतं, मग हिरवं केलं. समुद्र इथून दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी मधूनच एखाद्या दुपारी रस्त्यावरचे आवाज थांबतात… उंबरा ओला होतो… आणि तो दमलेला आवाज मला कमळे म्हणून हाक मारतो. माझं वय झालं. त्याच्या आवाजाचं झालं नाही.

कमळी आता या जगात नाही. तिच्याकडे जा, असंही मला म्हणता येत नाही.

मी चुलीजवळ, म्हणजे आता गॅसजवळ, एका ताटलीत भात वाढून ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. जमीन वाळली की मीठ पुसून घेते. सुनेला सांगितलंय, मोरीतून ओल येते.