गाडी गार होईपर्यंत

"हा हात कोणाचा आहे?" गाडीखाली आडवी झालेल्या तिनं विचारलं.

"माझाच आहे," वरून, इंजिनाच्या पलीकडून उत्तर आलं. "पण तुम्ही तो धरलाय..."

तिनं हात सोडला. इंजिनालगतच्या अरुंद सांदीत चाचपडताना बोल्ट समजून ती कुणाचं तरी बोट पिरगळायला निघाली होती. घसटत बाहेर आली, तर चष्मा कपाळावर चढवलेला एक उंच माणूस बोट चोळत उभा! बाजारातल्या स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन.

चूक डॉक्टरांची होती. डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. तरुणपणी घेतलेली ही गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती बरी झाली की पहिली चक्कर याच गाडीतून मारायची, असं त्यांनी तिला कबूल केलं. मग गाडीसाठी नव्या बनावटीचा लहानसा, दमदार स्टार्टर घेतला आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारे नवे हेडर पाईपही घेतले. स्टार्टरचं काम याला सांगितलं, पाईपचं तिला. दोघांनाही एकाच सकाळची वेळ दिली आणि एकमेकांबद्दल चकार शब्द काढला नाही.

ती आत्याच्या गॅरेजात वेल्डिंग करायची. गेल्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून कामापुरतंच बोलायचं असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि ते तिला छान जमतही होतं.

"आधी माझे पाईप बसतील," ती म्हणाली.

"मग माझा स्टार्टर कुठून जाणार — खिडकीतून?"

"एवढासा तर आहे. कुठूनही जाईल."

"एवढासा आहे, पण मानी आहे. त्याला उष्णता सोसत नाही. आणि तुमचा तिसरा पाईप अगदी त्याच्या गालाला लागतोय."

"गालाला?" ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिनं मान वळवून घालवलं.

"भांडा, पण बॉनेटवर कोपर टेकू नका," आत्या आतून ओरडली. "डॉक्टर रंगाला फार जपतात!"

शेवटी स्टार्टर आधी गेला. त्यानं वरून धरला, तिनं खालून बोल्ट आवळले. स्टार्टरचे दाते इंजिनाच्या चक्राला नीट भिडतात की नाही, हे तो डोळे मिटून ऐकत होता. ती त्या मिटलेल्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली... मग तिनं मुकाट्यानं पाना उचलला. पाईप चढले. किल्ली फिरवली मात्र, आणि इंजिन असं काही गरजलं की आत्या चहाचा कप घेऊनच बाहेर आली.

गाडी तपासायला दोघं टेकडीवर गेले. वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं.

"तापलेली असताना सुरू झाली पाहिजे. खरी परीक्षा तीच."

त्यानं किल्ली फिरवली. नुसतं टक् — आणि शांतता.

"माझा पाईप," ती म्हणाली.

"माझी वायर. मीच जवळून नेली."

"दोष अर्धा अर्धा वाटून घेऊ या?"

"घेऊ. गार होईपर्यंत वेळच वेळ आहे."

पाऊस भुरभुरू लागला. बॉनेट जरासं उघडं ठेवून दोघं आत बसले. एखादा थेंब तापलेल्या पाईपवर पडे आणि चर्र होई.

"एक विचारू?"

"विचारा. उत्तराची हमी नाही."

"तुमचं लग्न मोडलं, असं... आत्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

ती काचेवरचे ओघळ बघत राहिली. "त्याचं म्हणणं, वेल्डिंगची हौस आता पुरे. मी नाही म्हटलं. संपलं." दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी, तसं तिनं सांगितलं.

"वाईट वाटलं?"

"तो गेल्याचं नाही. इतके महिने मी त्याला आवडेल असं हसत होते — त्याचं वाटलं."

त्यानं तिची समजूत घातली नाही. ते तिला बरं वाटलं. मग म्हणाला, "माझ्यासमोर तर तुम्ही सकाळपासून एकदाही हसला नाहीत. म्हणजे माझी बाजू भक्कम आहे."

आता मात्र तिला हसू आवरेना. "गेली तुमची बाजू!"

"जाऊ दे. मला तुम्ही आवडता." त्यानं समोर बघतच सांगितलं. "गाडी सुरू व्हायच्या आत सांगून टाकलं. नंतर धीर झाला नसता."

पाऊस तेवढा वाजत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "किल्ली फिरवून बघा."

गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टार्टर आहे तिथेच थोडा फिरवून घेतला, वायर लांबून नेली. तिनं तिसरा पाईप कापला, बाहेरून वळवला, पुन्हा जोडला आणि मध्ये पत्र्याचा आडोसा दिला. पुन्हा टेकडी, पुन्हा तापलेलं इंजिन. या वेळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण येताना आणि जाताना दोघंही फक्त गाडीबद्दल बोलले.

डॉक्टरांची बायको काठी टेकत आली, पुढच्या सीटवर ऐसपैस बसली. नवऱ्याला गाडीभोवती घिरट्या घालताना पाहून म्हणाली, "पेशंटची एवढी काळजी घेतली असती, तर लोक दवाखान्यातून पळाले नसते हो!" ती दोघं गेली. पाठोपाठ इलेक्ट्रिशियनही हत्यारं आवरून गेला.

मग तो आला नाही. यायला कारणच नव्हतं. आणि उत्तर न मिळालेला माणूस येणार तरी कुठल्या तोंडानं, हे तिला कळत होतं. ती नेहमीसारखी कामाला लागली. जेवली, झोपली. मन आवरणं अजूनही जमतंय, असं स्वतःलाच म्हणाली. एक दिवस तिनं सायलेन्सर उलटा जोडला.

आत्यानं तो सायलेन्सर पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "ठेव ते. जा एकदाची."

ती गेली. दुकानात तो एका उघड्या मोटरवर वाकला होता. तिला पाहून त्यानं चष्मा वर केला.

"या. काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग?"

बहाण्याला काहीतरी घेऊन यावं, हे तिला सुचलंच नव्हतं. रिकामे हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"मग काय... आले."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बाक छोटा होता, त्यावर तारांची भेंडोळी पसरलेली. तिनं ती उचलून बाजूला केली.

"सरक ना थोडा," ती म्हणाली.

तो सरकला.