घंटेनंतर कणही हलायचा नाही

हे कोणी खरं मानणार नाही. मानू नकाच. रोह्यात आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या निम्म्यांनी हसून चहा मागवला आणि उरलेले चहा अर्धा टाकून उठले. पण ज्या पायरीवर आपण बसलोय ती याच हॉलची. पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की डाव्या हाताला, मागच्या खिडक्या कुंडलिका नदीवर उघडणारा. घडलं ते इथं, भर दिवसा.

दिवाळी सरली की मंडळाचा कला महोत्सव असतो, तीन दिवसांचा. बाहेर पापड-लोणच्यांचे स्टॉल, मुलींचे नाच, आणि आत रांगोळी प्रदर्शन. रांगोळी म्हणजे दारातले ठिपके नव्हेत. पाच फूट बाय चार फुटांची माणसं, फोटोच पसरलाय असं वाटावं अशी, सगळी चिमटीने सोडलेली. हॉलमध्ये पंखे बंद, कारण वाऱ्याने एखाद्याचं नाक उडायचं. शिंक आलेल्याने बाहेर जाऊन शिंकायचं. नियम एकच, पण कडक : शुक्रवारी संध्याकाळी सहाची घंटा झाली की हात उचलायचा. त्यानंतर कणही हलायचा नाही. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथ सर, तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, घंटेनंतर प्रत्येक चित्राचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. पुरावा म्हणून.

पेणची प्रणिता इथं नऊ वर्षं येत होती. नऊ वर्षांत तिने परीक्षकांना कधी फोन केला नाही, की कुठल्या पुढाऱ्याचं चित्र काढलं नाही. यंदा तिने मिठागरातली बाई काढली. खाडीकडे जाताना एकदा बांधावर दिसलेली. "फोटो काढू का?" म्हटल्यावर ती बाई काही न बोलता उकिडवी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोटो निघाला, नाव विचारायचं राहून गेलं.

अकरा तास लागले. शेवटी प्रणिताने चित्राभोवती दीड-दीड फुटाची पांढरी किनार चाळणीने सोडली आणि कंबर धरून उभी राहिली. घंटा झाली. फोटो निघाला. हॉलला कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली.

शनिवारी सकाळी दहाला सरांनी चित्र क्रमांक सातजवळ मोबाईल धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मॅडम, हा डावा हात बघा."

फोटोत दोन्ही हात गुडघ्यांवर होते. फरशीवरच्या बाईचा डावा हात खाली आला होता, पंजा चिखलात टेकलेला.

"घंटेनंतर काम केलंत तुम्ही."

"मी? किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच होती."

"मग मी काय खिडकीच्या गजांतून आत आले? सर, ही किनार बघा. हातापर्यंत पोचायचं तर गुडघा किनारीवर टेकायला लागतो. कुठं मोडलीय, दाखवा!"

सर किनारीकडे बघायलाच तयार नव्हते. मोबाईलच्या काचेवर बोट आपटत राहिले. आणि बाराच्या सुमारास माईकवरून आवाज आला : "चित्र क्रमांक सात स्पर्धेतून बाद. कारण, अप्रामाणिकपणा." बाहेर पापड तळणाऱ्या बायकांचे झारे कढईतच थांबले. अप्रामाणिकपणा! मागच्या वर्षी परीक्षकांच्या भाचीने चक्क छापील कागद फरशीवर ठेवून वरून रंग भुरभुरले, तेव्हा याच माईकला घसा बसला होता. आणि जिने नऊ वर्षं गुडघे सोलून घेतले, तिचं नाव भर गावात असं घ्यायचं?

प्रणिता रडली नाही. तिने खुर्ची ओढली आणि चित्रासमोर ठाण मांडून बसली. "बदललं म्हणता ना? आता माझ्या डोळ्यांसमोर बदलून दाखवा कोणीतरी."

शेजारी दुसरी खुर्ची सरकली. अष्टमीचीच साबिरा, चित्र क्रमांक आठ काढणारी, नऊ वर्षांची तिची प्रतिस्पर्धी.

"तू कशाला गो?"

"तुला बाद करून मला पहिला नंबर दिला, तर तो काय चाटायचाय मला? बसते. सरक."

दोघी बसल्या. उकाड्याने मानेवरून घाम ओघळत होता, पण पंखे बंद. नदीवरचं ऊन छतावर हलत होतं. लोक येत होते, सात नंबरशी थांबून कुजबुजत होते, पुढे जात होते.

चारच्या सुमाराला साबिरा हळूच म्हणाली, "प्रणिता. तिची टाच."

टाच जमिनीपासून सुटली होती. बोटभर. कोणी हात लावला नव्हता, हलताना दिसलीही नव्हती. तासकाटा कुठं हलताना दिसतो? दोघी नजर न हटवता बघत होत्या आणि टाच वर होती, एवढंच. टाचेखाली नवी सावली पडली होती, बारीक चाळलेली, प्रणितालाही जमली नसती इतकी नीट. हॉलमध्ये ओल्या चिखलाचा खारट वास सुटला होता. रांगोळीला वास नसतो.

हॉल झाडणारी ठमाबाई तेव्हा दारातच होती. ही काय, समोर सुपारी कातरतेय. काय गो ठमाबाई, आला होता ना वास?

नाही बोलायची. बरं.

रात्री हॉलला पुन्हा कुलूप लागलं आणि रविवारी सकाळी चित्रातली बाई अर्धी उठली होती. कंबरेत वाकलेली, मान वर, नजर सरांच्या टेबलाकडे.

सरांचा चेहरा उतरला. पण माईकवरून बोललेलं गिळायचं कसं? त्यांनी मंडळाचा कागद घेतला आणि लिहिलं : 'घंटेनंतर चित्रात मीच बदल केला. चूक कबूल आहे.'

"यावर सही करा. नायतर पाच वर्षं जिल्ह्यातलं कुठलंच प्रदर्शन नाय. पेणला मुलींचा क्लास घेता ना? त्यांच्या आयांनाही कळू दे, बाई काय शिकवते ती."

"न केलेल्या गोष्टीवर सही?" प्रणिताचा आवाज फाटला. "हात तोडून देईन, सर. सही नाय देणार."

"जेवणासाठी एक ते दोन हॉल बंद आहे. कागद टेबलावर ठेवतो. दोनला आलात की करा."

"बंद करताय तर नीट करा," साबिरा म्हणाली. खिडक्यांना आतून कड्या लावल्या. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर तिघांच्या सह्या झाल्या.

जेवायला कोणीच गेलं नाही. तिघंही याच पायरीवर बसली, एकमेकांकडे न बघता.

दोन वाजले. पट्टी तशीच होती.

सरांनी कुलूप काढलं.

आणि काय सांगू मंडळी! चित्र पहिल्या दिवशी होतं तसंच. बाई उकिडवी, दोन्ही हात गुडघ्यांवर. सरांनी मोबाईल धरला, तंतोतंत! सर घामाने निथळले, धावत माईककडे गेले आणि साऱ्या गावासमोर हात जोडून म्हणाले, "प्रणिता मॅडम, चुकलो, माफी..."

"खोटं," ठमाबाई म्हणाली.

तिचा अडकित्ता थांबला होता.

"कुठली माफी नि कुठला माईक? आन् चित्र होतं कुठं आत? नुसती काळी फरशी. मला झाडायला कण ठेवला नव्हता. किनार तेवढी पांढरी, चारी बाजूंनी, कुठं मोडलेली नाय."

तिने अडकित्ता मांडीवर ठेवला.

"सर टेबलाकडं गेले. मग मागं वळून प्रणिताबाईचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून बघितले. सोच्छ होते. साबिराचे बघितले. माझे पण बघितले. मी टेबलावरच्या कागदावर फुंकर मारली, तर उडाला नाय."

"काय उडाला नाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"अंगठा. सहीच्या जागी रांगोळीनं उठवलेला." तिने कातरलेली सुपारी तोंडात न टाकता मुठीत धरली. "वर काय लिवलंय ते मला वाचता येत नाय. पण मिठानं चिरलेला अंगठा व्हता, येवढं कळतं."