दादाचं फोल्डर

आमच्या धंद्यात घर नीट लावायचा एकच नियम आहे. सगळ्यांचं ते वर, एकट्याचं ते खाली.

आम्ही यंत्रांच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर लिहितो. लिफ्ट, दवाखान्यातला पंप, तिकिटाचं मशीन; प्रत्येकात प्रोसेसर वेगळा आणि प्रत्येकाची खोड वेगळी. म्हणून जे कुठंही चालेल ते ‘सामायिक’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि ज्याची खोड त्याच्याच फोल्डरमध्ये. खाली एखादं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा तुकडा, नसेल तर सामायिकमधलं आपोआप लागू होतं. सामायिक फोल्डर माझं. त्यातली ओळ न् ओळ माझ्या हातची आहे.

खालच्या फोल्डरांत सगळ्यांत जुनं दादाचं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. याच ऑफिसातून निवृत्त झाला आणि मला इथं आणलं तेही त्यानंच. त्यानं ज्याच्यासाठी ते फोल्डर लिहिलं तो प्रोसेसर आता कुणी बनवत नाही, शेवटचं मशीनही भंगारात गेलं. तरी नवी आवृत्ती काढताना दरवेळी त्या फोल्डरपाशी घोडं अडायचं. साहेब म्हणाले, “काढून टाका एकदाचं.”

मला तेच हवं होतं. दादा आयुष्यभर माझ्या कामाला नावं ठेवत आला. “चि-चि-चिमे, हाताची पाचही बोटं सारखी नसतात,” म्हणायचा. “तू स-सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवतेस.” चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. चाचरत मारलेला टोमणा जास्त लागतो, कारण तो संपेपर्यंत थांबावं लागतं.

असं फोल्डर एकदम उडवता येत नाही. शेजारच्या फोल्डरांनी त्यातलं काहीबाही उसनं घेतलेलं असतं. एकेक फंक्शन काढायचं, काही मोडत नाही ना बघायचं, मग पुढचं. मी आधी अंकांच्या क्रमाला हात घातला. बाकीचे प्रोसेसर अंक ज्या टोकाकडून मांडतात, हा त्याच्या उलट टोकाकडून मांडायचा. ती उलटापालट करणारं दादाचं फंक्शन काढलं. त्या प्रोसेसरची नक्कल माझ्या संगणकावर चालते. तिनं खरं तर लगेच मान टाकायला हवी होती. टाकली नाही. चालत राहिली.

रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले. दादा पक्का डावखुरा, शाळेत पट्ट्या खाऊनही न सुधारलेला. वहिनीनं वाढलं आणि त्यानं चमचा उजव्या हातात घेतला.

“परवापासून असंच चाललंय,” वहिनी म्हणाली. “म्हातारपणी शहाणपण सुचलंय.”

आम्ही दोघी हसलो. दादा त्या हाताकडे पाहत राहिला. तो शेजाऱ्याचा हात असावा आणि चुकून आपल्या घरी आला असावा, असं.

मग मी थांबे काढले. त्या प्रोसेसरला एक काही लिहिलं की लगेच दुसरं पचायचं नाही, म्हणून दादानं जागोजाग क्षणभराचा थांबा ठेवला होता. काढले आणि डबा खायला बसले, तोच फोन आला.

“चिमे, काय करतेस गं तू?”

सलग. एकदाही न अडखळता. माझं नाव त्याच्या तोंडून अखंड असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मागून वहिनीचा आनंद मावत नव्हता. “ऐकलंस? एवढे डॉक्टर झाले आणि आता आपोआप गुण आला बघ!”

शेवटचा ‘तू’ वर चढवायची लकब माझी होती.

मी हिशेबी बाई आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे मला कळतं. म्हणून पारखून बघायचं ठरवलं. दादा घराबाहेर पडताना कडी दोनदा ओढून बघतो. त्याचा प्रोसेसरही चालू होताना आपली मेमरी दोनदा तपासायचा. ती दुसरी तपासणी मी काढली आणि सरळ त्याच्या घरी गेले. दादा कोपऱ्यावरच भेटला, भाजीची पिशवी घेऊन. मागं घराची कडी नीट बसली नव्हती, दार सताड उघडं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती मजा.

शेवटी एकच फंक्शन उरलं. प्रत्येक फोल्डरात ते असतंच. यंत्र सुरू झालं की विचारतं, ‘मी कोण?’ आणि हे फंक्शन त्याला उत्तर देतं.

ते काढायच्या दिवशी सकाळी दादा ऑफिसात आला. माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

“शेवटचं राहू दे, चिमे.”

“काय शेवटचं? तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. राहू दे. पाया पडतो तुझ्या.”

तो केविलवाणं हसला. नाकातून, दोन झटक्यांत. बाकीच्या टेबलांवरच्या माना वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ते हसणं माझं होतं.

त्यानं माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. ते ऐकायला फार गोड लागलं.

“बरं, ठेवते हं,” मी म्हणाले. “तू आता घरी जा.”

तो गेला. ठेवलं असतं तर हे सगळं मी मानल्यासारखं झालं असतं. आणि मानलं असतं तर सदऱ्याच्या बाबतीत तो खरा ठरला असता.

जेवून आले आणि काढून टाकलं.

नक्कल सुरू केली. तिनं विचारलं, मी कोण? पडद्यावर उत्तर उमटलं: सामायिक.

तेव्हा मात्र भानावर आले. माझा दादा होता तो. सायकलच्या दांडीवर बसवून मला शाळेत सोडणारा.

आमच्याकडे पुसलेलं काहीच खरोखर पुसलं जात नाही. मी सगळं फोल्डर जसंच्या तसं परत आणलं. उलटापालट आली, थांबे आले, दुसरी तपासणी आली. उघडून पाहिलं. आतली वळणं माझी होती. ठेवलेली नावं माझी, शेरे माझे. प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव असतं. तिथं सगळीकडे मीच होते, मी नोकरीला लागण्याआधीच्या ओळींपुढंसुद्धा.

दादाचं नाव कुठंच नव्हतं.

फोन वाजला. वहिनी होती.

“तू ये. आत्ता ये.”

“काय झालं?”

“हे मला वहिनी म्हणताहेत.”

गेले. वहिनी दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं आत बोट दाखवलं.

दादा खुर्चीत बसला होता, पाय पोटाशी घेऊन, मी बसते तसा. मला पाहून उठला. खुर्ची माझ्याकडे सरकवली. चेहरा मायेनं भरलेला होता.

“दादा,” तो मला म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

“असा काय बघतोस? ठेवते म्हणाले होते ना मी? ठेवलंय हं.” त्यानं माझ्या पाठीवर हळूच थोपटलं, उजव्या हातानं. “तू आता घरी जा.”